दोन चुकांचे सख्य

एखादी गोष्ट बिघडली की तिला ज्याचा हात शेवटी लागला असेल तोच अपराधी, असा निवाडा मनुष्य किती सहजपणे देतो हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. घरातील घड्याळ बंद पडले की शेवटची किल्ली देणारा मुलगा बोलणी खातो. रोगी दगावला की शेवटचा वैद्य मारेकरी ठरतो. त्यापूर्वीच्या चौघांनी कोणती मात्रा दिली होती याची चौकशी कोणी करीत नाही. आमच्या नैयायिकांस मनुष्याची ही खोड चांगलीच ठाऊक होती. कावळा बसला आणि ताडाचे फळ पडले, एवढ्यावरून कावळ्यास कारण समजणाऱ्याची त्यांनी थट्टा केली आहे. घटाची कारणे सांगताना माती वाहून आणणारे गाढवही त्यांनी विचारात घेतले, आणि ते घटापूर्वी हजर असले तरी ‘अन्यथासिद्ध’ म्हणून बाजूस सारले. तिकडे इंग्लंडात मिल्लने १८४३ साली आपला तर्कशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कारण शोधण्याच्या ज्या रीती सांगितल्या त्यांतील पहिल्या दोन आमच्या अन्वय-व्यतिरेकाच्या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी खास आहेत.

हे सर्व आम्ही महाविद्यालयात पंचवीसांहून अधिक वर्षे शिकवीत आलो आहो. असे असूनही गेल्या वर्षी आमच्या हातून त्याच कावळ्याच्या गोष्टीची पुनरावृत्ती घडली, आणि तीत एका प्रामाणिक कारागिराच्या नावास बट्टा लागला. त्या प्रसंगाने आम्हांस एका प्रश्नाचा विचार करावयास भाग पाडले. तो प्रश्न वाचकांपुढे ठेवावा एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. प्रसंग एका जुन्या मोटारसायकलीचा आहे, याबद्दल आमच्या गंभीर वाचकांनी आम्हांस क्षमा करावी.

ही मोटारसायकल आमच्या वडिलांची. मद्रासेस तयार झालेली ‘बुलेट’. या गाडीचा वंश इंग्लंडचा. आपल्या सैन्यास अशा गाड्या हव्या होत्या, म्हणून त्या प्रथम तिकडून आल्या. पुढे १९५५ साली मद्रासेस त्यांची जुळणी सुरू झाली, आणि होता होता सगळी गाडीच इकडे होऊ लागली. इंग्लंडातील मूळ कंपनीचे उत्पादन १९७० साली बंद पडले आणि तिची ही मद्रासी शाखा मात्र जगली. मूळ वृक्ष वठावा आणि पारंबीने मूळ धरावे, तसाच हा प्रकार. वडिलांच्या पश्चात ही गाडी बरीच वर्षे शाहूपुरीतील आमच्या घराच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. काही वर्षांपूर्वी आम्हीच हौसेने ती चालू केली. परंतु पुढे ती निळा धूर ओकू लागली, तिचा जोर ओसरला, आणि इंजिन सबंध उघडून नव्याने बांधण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

या कामी कोल्हापूरकरास परगावी जाण्याची गरज नाही. शिवाजी उद्यमनगरात हिंडणाऱ्यास लेथ, भट्ट्या आणि बोअर मारणारी यंत्रे यांचा आवाज दिवसभर ऐकू येतो. उघडून पाहावे, समजून घ्यावे आणि नसेल ते स्वतः करावे, ही या गावाची जुनी रग आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी चलच्चित्रे घेण्याचा कॅमेरा स्वतः बनविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव वारले, तरी बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने तो पुरा केला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ लोकांपुढे आली. तेव्हा आमचे इंजिन उद्यमनगरातील एका वयस्क मेस्त्रींच्या हाती आम्ही निःशंकपणे सोपविले. त्यांनी सिलिंडर बोअर करवून मोठा पिस्टन आणि नव्या रिंगा बसविल्या, व्हॉल्व्ह घासून त्यांच्या बैठका जुळविल्या, आणि तीन आठवड्यांनी गाडी आमच्या स्वाधीन केली.

गाडी घरी आली आणि आमच्या आनंदावर विरजण पडले. थंड असता ती कशीबशी चालू होई. पण तापली की दारात उभ्या उभ्या गुदमरून बंद पडे, आणि मग दहा लाथा मारल्या तरी दाद देत नसे. पन्हाळ्याच्या वाटेवर चढ लागला की काळा धूर सोडून ती कासावीस होई. पूर्वी ती तेल जाळीत होती हे खरे. पण ती उभी तरी राहत होती, संथपणे ठोके तरी देत होती! आम्ही ताबडतोब निवाडा केला की, मेस्त्रींनी इंजिन बिघडविले. मेस्त्री म्हणाले, “सर, चार दिवस माझ्याकडं ठेवा, बघतो.” आम्ही ठेवली नाही. दुसऱ्या एका ठिकाणी ती नेली. तेथे ठिणगीची वेळ थोडी अलीकडे ओढण्यात आली. त्यामुळे गाडी उभी असता बंद पडेनाशी झाली, आणि आम्हांस आमच्या निवाड्याचा भक्कम पुरावा मिळाल्यासारखे वाटले. महाविद्यालयाच्या शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना आम्ही ही हकीकत मोठ्या रसाने सांगितली. कारागिरीचा ऱ्हास या विषयावर दोन वाक्ये अधिकही बोललो असू. ऐकणाऱ्यांपैकी दोघे आपापल्या गाड्या त्याच मेस्त्रींकडे देणार होते. त्यांनी त्या दिल्या नाहीत.

आठवड्याने किक मारीत असता इंजिनाने असा उलटा तडाखा दिला की, आमचा घोटा सुजून आम्ही पंधरा दिवस घरी बसलो. ठिणगी वेळेच्या फार आधी पडली म्हणजे वर येत असलेला पिस्टन माथ्यास पोहोचण्यापूर्वीच खाली ढकलला जातो, आणि तो धक्का पायावर बसतो, हे ज्ञान आम्हांस ग्रंथातून नव्हे, घोट्यातून झाले.

या सक्तीच्या विश्रांतीत वडिलांची एक जुनी वही हाती आली. वडील हिशेबी वृत्तीचे. गाडीस जे जे केले ते ते त्यांनी तारखेनिशी टिपून ठेविले होते: तेल कधी बदलले, प्लगच्या टोकांतील अंतर किती ठेविले, पॉइंटमधील फट मिलिमीटरच्या कितव्या अंशाची. एका पानावर लिहिले होते की, कार्बोरेटरची सुई वरून तिसऱ्या खाचेत आहे व तेथेच ठेवावी. ते वाचले मात्र, आणि आमच्या अंगावर काटा उभा राहिला. कारण ती सुई आज कोणत्या खाचेत आहे हे आम्हांस ठाऊक होते. ती सर्वांत खालच्या खाचेत होती, आणि तेथे ती आम्हीच नेऊन ठेविली होती.

येथे यंत्राविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. ज्यांस ठाऊक असेल त्यांनी हा भाग ओलांडून जावे. सत्तर मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात एकच पिस्टन नव्वद मिलिमीटर खालीवर होतो. चार धावांत तो एकदा श्वास घेतो, एकदा कोंडतो, एकदा जळत्या वायूचा दाब सोसतो आणि एकदा निःश्वास टाकतो. मिनिटास तीन हजार फेरे होत असले तर ठिणगी सेकंदास पंचवीस वेळा पडते. पिस्टनने घ्यावयाच्या श्वासात पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण वजनाने सुमारे एकास पंधरा असावे लागते. पेट्रोल उणे पडले तर इंजिन तापते, कार्बोरेटरातून शिंकते आणि प्लग पांढरा पडतो. अधिक झाले तर ते गुदमरते आणि प्लगवर काजळी धरते. वैद्य जीभ पाहतो तसा मेस्त्री प्लग पाहतो. निरोगी प्लगाचा रंग फिकट बिस्किटासारखा असतो. हे प्रमाण साधण्याची साधने अनेक आहेत: मंद गतीसाठी हवेचा लहानसा स्क्रू, मध्यम गतीसाठी ती निमुळती सुई, पूर्ण गतीसाठी मोठा जेट. सुईची चिमटी जितक्या खालच्या खाचेत तितकी सुई वर उचललेली राहते, आणि तितके पेट्रोल अधिक जाते.

आता आमचा पराक्रम ऐकावा. गाडी प्रथम चालू केली तेव्हा ती शिंकत असे व मध्येच तुटत असे. पेट्रोल उणे पडते हे आम्ही बरोबर ओळखले. पण का उणे पडते हे विचारले नाही. वास्तविक, कार्बोरेटरचे जे तोंड इंजिनास जोडतात ते वर्षानुवर्षे बोल्ट आवळून किंचित वाकले होते, आणि त्या फटीतून इंजिन आगंतुक हवा ओढीत होते. सांध्यावर तेलाचे चार थेंब सोडले असते तर ते आत ओढले जाऊन ठोक्यांचा आवाज बदलला असता, आणि चोर तेथेच सापडला असता. आम्ही तसे केले नाही. आम्ही सुई वर उचलली, स्क्रू आत पिळला. हवा अधिक येत होती, तीस जोडीला पेट्रोल अधिक दिले. गाडी सुरेख चालू लागली. आम्ही स्वतःवर खूश झालो, आणि वहीत काहीच लिहिले नाही.

पुढे मेस्त्रींनी इंजिन बांधताना ते वाकलेले तोंड काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर घासून सपाट केले आणि नवे पॅकिंग घातले. उत्तम कारागीर हे न सांगता करतो. फट बुजली, आगंतुक हवा थांबली, आणि आमचे आगंतुक पेट्रोल एकटे उरले. गुदमर, काजळी आणि काळा धूर ही सर्व त्याचीच संतती. म्हणजे मेस्त्रींनी एक खरा दोष नाहीसा केला, आणि त्यामुळेच इंजिन पूर्वीपेक्षा वाईट चालू लागले!

आमचा प्रश्न येथून सुरू होतो. दोन चुका परस्परविरुद्ध दिशांनी ओढीत असल्या म्हणजे त्यांच्या ओढाताणीतून एक प्रकारची शांतता उत्पन्न होते. त्या शांततेस आपण प्रकृतिस्वास्थ्य समजतो. मग कोणी भला मनुष्य त्यांतील एक चूक दूर करतो आणि सर्व बिघडते. त्याने केले ते योग्य की अयोग्य?

तत्त्वज्ञानाच्या इतिहासात या सख्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. बिशप बर्क्लीने १७३४ साली न्यूटनच्या अनुयायांवर असा आक्षेप घेतला की, तुमच्या नव्या गणितात तुम्ही एक राशी एकदा आहे म्हणून धरता आणि मग नाही म्हणून सोडून देता. तुमचे उत्तर बरोबर येते याचे कारण तुमची रीत शुद्ध आहे हे नसून दोन सारख्या चुका एकमेकींस खाऊन टाकतात हे आहे. हाती आले ते सत्य असेल, परंतु त्यास शास्त्र म्हणता यावयाचे नाही. गणितज्ञांनी पुढे शंभर वर्षे आपला पाया दुरुस्त करण्यात घालविली, यावरून तो टोला कोठे तरी लागला होता हे दिसते.

परंतु इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. आमच्याच धंद्यातील गोष्ट घ्या. एखादा प्रश्नपत्रिका काढणारा मनस्वी कठीण प्रश्न घालतो; तपासणारा दयाळू असतो आणि हात सैल सोडून गुण देतो. निकाल ठीक लागतो. एके वर्षी तपासणीस नवा येतो. तो लिहिले असेल तेवढ्याचेच गुण देतो, आणि निम्मा वर्ग बुडतो. विद्यार्थी त्याच्या नावाने खडे फोडतात, पालक अर्ज करतात; कठीण प्रश्न काढणाऱ्याकडे कोणी बोटही दाखवीत नाही. घरांचीही तीच कथा आहे. वडील शीघ्रकोपी असतात. आई लहानसहान असत्ये बोलून मुलांचे अपराध झाकते. वडिलांचा राग आणि आईचे असत्य यांच्या सहकार्याने घर वीस वर्षे सुखाने चालते. मग एखाद्या मुलास किंवा नव्या सुनेस असे वाटते की, आपण काही लपवावयाचे नाही. ते पहिले खरे बोलणे घरात वणवा पेटविते, आणि ‘हिच्या येण्यापूर्वी घरात मोठा आवाज म्हणून नव्हता’ असा लौकिक त्या बिचारीच्या वाट्यास येतो.

यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल, चालते आहे तर चालू द्यावे; उगाच हात का घालावा? हा पक्ष आम्ही तुच्छ मानीत नाही. वडिलांच्या रागास आवर घालण्याचे सामर्थ्य नसता आईचे असत्य उघडे पाडणे हे सत्यप्रेम नव्हे, ते क्रौर्यही असू शकेल. परंतु या पक्षास इंजिनाने दिलेले उत्तर आम्हांस ग्रंथांतील उत्तरांपेक्षा अधिक मार्मिक वाटते. फटीतून येणारी हवा गाडी संथ उभी असता फार बाधते, कारण तेव्हा आतील ओढ जबर असते. थ्रॉटल उघडला की ओढ कमी होते आणि फटीचा प्रभाव जवळजवळ नाहीसा होतो. आम्ही वर उचललेली सुई मात्र तेव्हाही पेट्रोल ओतीतच राहते. अर्थात दोन चुकांचा तोल एका ठरावीक गतीलाच राहतो. चढ लागला की सख्य मोडते. आता आठवून पाहता, मेस्त्रींनी हात लावण्यापूर्वीही ज्योतिबाच्या चढावर गाडीने पेट्रोल अतोनात खाल्ले होते आणि धूर काळसरही सोडला होता. आम्ही त्याचे खापर गाडीच्या वयावर फोडले. ज्या घराची शांती रागावर आणि असत्यावर उभी आहे तेही सपाट रस्त्यावर बरे चालते. मृत्यू, कर्ज, मुलीचे लग्न असा चढ आला म्हणजे कोणी कोणास काय सांगितले होते याचा पत्ता लागत नाही.

तेव्हा दोष काढावा. मात्र काढणाऱ्याने त्याचा जोडीदार कोठे आहे हे आधी पाहावे, असे आम्ही म्हणणार होतो. यंत्रशास्त्रातही हाच दंडक आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा, उपयोग न झाल्यास ती पूर्वस्थळी ठेवून मग दुसरीस हात घालावा. मिल्लची व्यतिरेकाची रीत ती हीच. आमच्या गाडीच्या बाबतीत तीन हातांनी चार गोष्टी बदलल्या आणि कोणी कोणास विचारले नाही. तथापि येथे एक अडचण आहे. जोडीदार दोष ज्याने घातला तो गप्प बसला असेल तर काढणाऱ्याने तो शोधावा कसा? आमची सुई धातूच्या डबीत, पेट्रोलाच्या वासात दडून बसली होती. तिचा इतिहास एकाच मनुष्यास ठाऊक होता, आणि तो मनुष्य शिक्षकांच्या खोलीत कारागिरीच्या ऱ्हासावर बोलत होता. सुधारणाऱ्याने सावध असावे हा उपदेश जग त्यास रोज करते. पण पूर्वी ज्यांनी निमूटपणे सुया उचलून ठेविल्या त्यांनी बोलावे, असा उपदेश आम्ही फारसा ऐकला नाही. चूक केल्याबद्दल आम्ही स्वतःस फार दोष देत नाही. शिंकणारी गाडी चालू करण्यासाठी हौशी मनुष्य हेच करणार. वहीत एक ओळ लिहिली नाही, आणि मेस्त्रींकडे गाडी देताना एक वाक्य बोललो नाही, हा मात्र अपराध आहे. वडिलांची वही तेथपर्यंत भरलेली आणि पुढे कोरी आहे.

घोटा बरा झाल्यावर आम्ही गाडी टेंपोत घालून त्याच मेस्त्रींकडे नेली आणि सर्व हकीकत सांगितली. त्यांनी ठिणगीची वेळ पूर्ववत केली, पॉइंट साफ केले, सुई तिसऱ्या खाचेत बसविली, हवेचा स्क्रू पुरा आत पिळून मग दीड आटा बाहेर काढला. अँपिअरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हलकेच दाबली, डीकॉम्प्रेसर धरून पिस्टन माथ्यापलीकडे नेला आणि एक लाथ मारली. इंजिन बोलू लागले. आम्ही माफी मागितली तेव्हा ते हात पुशीत म्हणाले, “सुई मी तवाच बघितली व्हती, सर. पर तुमी शिकल्याली मानसं, काय तरी हिशेबानंच ठेवली असंल म्हनून हात लावला न्हाई. इचारायला पायजे व्हतं.”

या उत्तराने आम्हांस अधिकच ओशाळे केले. आमचे मौन आणि त्यांचा आदर, या दोहोंचे देखील सख्यच जमले होते की! आमच्या पदवीस त्यांनी मान दिला नसता तर त्यांनी एक प्रश्न विचारला असता, आणि पुढचे काहीच घडते ना.

इंजिन दुरुस्त झाले ते एका दुपारी. दुसरी दुरुस्ती तितकी सोपी निघाली नाही. ज्या दोन सहकाऱ्यांनी आमच्या बोलण्यावरून आपल्या गाड्या अन्यत्र दिल्या होत्या त्यांच्याकडे आम्ही मुद्दाम गेलो आणि दोष आमचा होता हे स्पष्ट सांगितले. एकांनी ऐकून घेतले, हसले, आणि पुढल्या महिन्यात आपली स्कूटर मेस्त्रींकडे नेली. दुसऱ्यांनीही ऐकून घेतले, मान हलविली. परंतु परवा त्यांच्या मुलाने नवीन जुनी गाडी घेतली आणि ती कोणाकडे द्यावी असा विषय निघाला. आम्ही मेस्त्रींचे नाव घेताच ते चटकन म्हणाले, “तेच ना हो, ज्यांनी तुमची बुलेट बिघडविली होती?” आम्ही पुनः सर्व सांगावयास आरंभ केला, इतक्यात तासाची घंटा झाली.